मिस युनिव्हर्सची सुटका

सान आन्सेल्मोच्या नगरपालिकेत फेलिंग दिमायुगा एकवीस वर्षं पशुधन निरीक्षक होती. गावातले लोक तिला 'दोक' म्हणत, म्हणजे डॉक्टर. ती डॉक्टर नव्हती. डॉक्टरची जागा अकरा वर्षं रिकामी होती, आणि ती भरली तर डॉक्टरला पगार द्यावा लागेल, हे मेयर बोयेट यांच्या फार लवकर लक्षात आलं होतं. त्यामुळे कुत्र्यांना सुया टोचणं, डुकरांच्या साथीचे अहवाल पाठवणं आणि तळ्यातल्या बेटावर जाऊन घोड्यांच्या पाठी तपासणं, ही सगळी कामं फेलिंगच्याच गळ्यात होती.

त्यातल्या घोड्यांच्या पाठी हा तिचा हळवा विषय. तळ्याच्या मधोमध बेट, बेटावर ज्वालामुखी, आणि ज्वालामुखीचं तोंड बघायला येणारे पर्यटक स्वतःच्या पायांनी वर चढायला तयार नसत. त्यांना वर न्यायला बेटावर दोन-अडीचशे घोडी होती, सगळी बुटकी, काटक, गाढवापेक्षा जेमतेम बोटभर उंच. त्यांच्यावर मनिलाहून आलेले असे एकेक पाहुणे बसत, की पाय दोन्ही बाजूंनी जमिनीला टेकायचे आणि घोडं मधल्या मध्ये दिसेनासं व्हायचं. फेलिंगनं लढूनभांडून धक्क्यावर वजनकाटा बसवला होता. नव्वद किलोच्या वर असाल तर चालत जा, असा नियम. दुसऱ्याच आठवड्यात मेयरसाहेबांचे एक पाहुणे काट्यावर उभे राहिले, काट्यानं एकशे आठ दाखवले, आणि काटा बिघडला असल्याचं मेयरांनी जागेवरच जाहीर केलं. तो दुरुस्तीला गेला आणि मेयरांच्या मेहुण्याच्या मासळीच्या दुकानात जाऊन दुरुस्त झाला.

मग फेलिंगकडे उरलं नोटिसांचं पुस्तक. त्या पुस्तकाचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे उर्बानो मालाबानान. साठीचा, वाळक्या अंगाचा, तोंडाचा भलता तिखट. त्याच्याकडे एकच तपकिरी घोडी होती आणि तिचं नाव त्यानं मिस युनिव्हर्स ठेवलं होतं. नाव मोठं असलं तरी पाठ कायम सोललेली असायची. फेलिंगनं त्याला चार नोटिसा दिल्या. चौथी दिली त्या दिवशी तिनं खोगीर उचलून पाहिलं, तर खाली आधीच्या तीन नोटिसा घडी घालून ठेवलेल्या.

"हे काय, कुया?" तिनं विचारलं. वयानं मोठा म्हणून ती त्याला कुया म्हणजे दादा म्हणे, एरवी तिच्या मनात दुसरे शब्द असत.

"तुम्हीच म्हणालात ना दोक, खोगिराखाली मऊ काहीतरी घाला. कागद चांगला जाड आहे सरकारचा. अजून एखादी मिळाली तर दोन्ही बाजू सारख्या होतील."

अशी दोघांची ओळख.

एका रविवारी दुपारी एकच्या सुमाराला लोलो खाकरला. लोलो म्हणजे आजोबा. ज्वालामुखीचं खरं नाव शाळेच्या पुस्तकात होतं, पण माणसं त्याला लोलोच म्हणत. तासाभरात वर एवढा काळा फुलोरा उठला की दुपारी दोनला कोंबड्या झाडावर चढून झोपल्या. राख पडायला लागली. सरकारी बोटी धावल्या आणि सूर्य मावळायच्या आत बेटावरचं एकूण एक माणूस गावात आलं. कुणाच्या नखालाही धक्का लागला नाही, आणि याचं श्रेय मेयर बोयेट यांना द्यायलाच हवं. त्यांनी ते स्वतःच दिलं. माणसं शाळेत पोहोचायच्या आत शाळेच्या फाटकावर त्यांचा हात जोडलेला फ्लेक्स लागला होता.

"माणसं आधी, जनावरं नंतर," असा हुकूम होता. नंतर म्हणजे कधी, ते हुकुमात नव्हतं. घोडी, म्हशी, डुकरं, कुत्री सगळी तिकडेच राहिली, बरीचशी दावणीला बांधलेली, कारण कुणाला वाटलंच नव्हतं की संध्याकाळी परत जाता येणार नाही. उर्बानोची घोडीही बांधलेली होती. तो स्वतः तेव्हा बेटावर नव्हता. तो गावात कोंबड्यांच्या झुंजीला बसला होता.

फेलिंगनं सोमवारी मेयरांना गाठलं. ते शाळेत लोकांना लुगाव, तांदळाची पेज, वाढत होते, म्हणजे फोटोवाला समोर असेपर्यंत डाव त्यांच्या हातात होता. तीन वर्षांपूर्वी फेलिंगनं आपत्तीत जनावरं हलवायची एक योजना लिहिली होती. कुणाच्या किती होड्या, कोणत्या होडीत फळ्या टाकल्या की घोडं उभं राहतं, चारा कुठे ठेवायचा, सगळं बत्तीस पानांत. मेयरांनी पहिल्या पानावर 'छान' असा शेरा मारला होता. आज ती योजना तिला कचेरीतल्या पाण्याच्या यंत्राच्या पायाखाली सापडली. तिनं ओढून काढली तसं यंत्र कलंडलं आणि कारकुनाच्या बुटात पाणी गेलं.

"दोक, योजना उत्तम आहे," मेयर म्हणाले. "पण ही वेळ योजनेची नाही, कृतीची आहे."

"मग होड्या सोडा साहेब. माणसं तयार आहेत."

"परवानगीशिवाय बेटावर जाता येत नाही."

"परवानगी कोण देतं?"

"मी."

"मग द्या."

"असं कसं? मान्यताप्राप्त संस्था लागते. उद्या कुणाला काही झालं तर? लोक काय म्हणतील, मेयरनं घोड्यांसाठी माणसं मारली?"

या बोलण्यात चूक काढावी असं काही नव्हतं, आणि फेलिंगला त्याचाच राग आला.

मान्यताप्राप्त संस्था मंगळवारी सकाळी आली. मनिलाहून तीन पांढऱ्या गाड्या, त्यांच्यावर गुलाबी हृदय आणि हृदयात पंजा. 'कनवाळू हृदय प्राणिमित्र संघ'. पहिल्या गाडीतून टी-शर्टांची खोकी उतरली, दुसरीतून कॅमेरे, आणि तिसरीतून अध्यक्षा मादाम टिंगटिंग अर्गेलेस, पायात नवेकोरे गुलाबी रबरी बूट. चारा मागून येणार होता. तो शेवटपर्यंत मागूनच येत राहिला.

फेलिंगचा जीव मात्र भांड्यात पडला. मादाम टिंगटिंग म्हणजे तिच्या लेखी देवी. दोन वर्षांपूर्वी मनिलातल्या एका हॉटेलात मादामचं तीन दिवसांचं शिबिर झालं होतं, तेव्हा फेलिंग रजा टाकून गेली होती. ते प्रमाणपत्र तिनं घरी येशूच्या तसबिरीशेजारी टांगलं होतं. शिबिरात तिनं एक प्रश्नही विचारला होता, की गरीब घोडेवाल्यानं जखम बरी होईपर्यंत घोडं बसवून ठेवलं तर त्यानं खायचं काय. मादाम म्हणाल्या होत्या, "किती सुंदर प्रश्न!" आणि जेवणाची सुट्टी झाली होती.

एक कप कॉफी पिऊन होईतो संघाला मान्यता मिळाली. मेयर आणि मादाम यांचा फोटो झाला. फेलिंगला वाटाडी म्हणून बरोबर घेतलं, अंगात टी-शर्ट घातला, आणि मोठी सपाट बोट निघाली. संघाची माणसं आठ, त्यांतल्या पाचांच्या हातात कॅमेरे.

बेट ओळखू येत नव्हतं. वरून भुरभुर पाऊस होऊन गेला होता आणि राखेचं सिमेंट झालं होतं. नारळांच्या झावळ्या छत्री मोडल्यासारख्या खाली लोंबत होत्या. घोडी डोक्याला डोकं लावून उभी होती, कान पाडून, हलत नव्हती. फेलिंगनं पहिल्या दाव्याला हात घातला तेवढ्यात संघाच्या पोरांनी उडता कॅमेरा वर सोडला. तो भुणभुणत घोड्यांच्या डोक्यावर आला, आणि दोन दिवस लोलोला न घाबरलेली दोन घोडी त्या यंत्राला घाबरून दावी तोडून उधळली. उधळली ती सरळ डोंगराच्या तोंडाकडे.

"हे घेतलंस ना?" मादामनी कॅमेरावाल्याला विचारलं. "काय वेग आहे! स्वातंत्र्य!"

मग मादामना धक्क्याजवळ एक घोडी दिसली. राखेनं नखशिखांत पांढरी.

"अगबाई, पांढरीशुभ्र! देवदूत उभा आहे जसा!"

"मादाम, ही तपकिरी आहे," फेलिंग म्हणाली. "मी ओळखते हिला. ही मिस युनिव्हर्स."

"कोण?"

"नाव आहे तिचं."

"छे छे. असलं कसलं नाव? आजपासून हिचं नाव पाग-आसा." पाग-आसा म्हणजे आशा. हे नाव मादामनी गाडीतच ठरवून आणलं होतं, घोडं तेवढं मिळायचं राहिलं होतं.

घोडीला बोटीत चढवायला एक मिनिट लागलं. तिला लशीसाठी दर वर्षी बोटीतून गावात आणत, त्यामुळे फळी दिसताच ती आपणहून चढली. हे कॅमेरावाल्याला पटेना. सुटका होतेय असं वाटतच नाही म्हणाला. तिला उतरवून पुन्हा चढवलं. या वेळी भिंगावर राख बसली. तिसऱ्या वेळी मादामच्या डोळ्यांत पाणी आलं आणि सगळं मनासारखं जमलं. घोडीच्या पायांना तेवढी थरथर सुटली होती.

"मादाम, बोटीत अजून पाच घोडी मावतील," फेलिंग म्हणाली. "मी आणते. दहा मिनिटं द्या."

"दोक, भावना समजते मला. पण चित्रात गर्दी होते. लोकांना एक चेहरा लागतो. एका चेहऱ्यावर लोक रडतात, सहा घोड्यांवर कोण रडतंय? उद्या येऊ ना बाकीच्यांसाठी."

बोट एक घोडी घेऊन परत आली. सहाच्या जागेत एकटी उभी होती, म्हणून दर लाटेला घसरत होती.

दुपारचे दोन वाजले होते. ओली राख कातडीला चावते, डोळ्यांत गेली तर बुबुळ ओरबाडते, हे मादामच्याच शिबिरातल्या पुस्तिकेत नवव्या पानावर होतं. घोडीला किनाऱ्यावर बांधून फेलिंग जवळच्या शाळेच्या मुताऱ्यांकडून पाण्याची नळी ओढत आणायला लागली.

"थांबा, थांबा! धुवायची नाही!" मादाम धावत आल्या. "पाच वाजता टीव्हीवाले येतायत."

"पाचला? तिचे डोळे बघा मादाम. उघडत नाहीत. खांबाला अंग घासतेय ती."

"मला कळत नाही का? माझंही काळीज तुटतंय. पण तीन तासांचा प्रश्न आहे. पांढऱ्या घोडीचा फोटो चाळीस हजार लोकांनी पाहिलाय. आता ती तपकिरी निघाली तर लोकांचा विश्वास राहील का आपल्यावर?"

फेलिंगनं मादामकडे पाहिलं. त्यांचा काही खोटेपणा नव्हता, त्या खरंच कळवळून बोलत होत्या. गुलाबी बुटांवर राखेचा एक ठिपकाही नव्हता. इतकी वर्षं येशूशेजारी आपण कुणाला टांगलं होतं, असा विचार तिच्या मनात आला आणि तिला स्वतःचीच एवढी लाज वाटली की कानशिलं तापली. तिनं नळीचं तोंड अंगठ्यानं दाबलं आणि पाणी सोडलं.

पाठीवरून राखेचे लोट वाहिले आणि पांढऱ्या देवदूताखालून सान आन्सेल्मोची तपकिरी घोडी बाहेर आली. खोगिराच्या जागी जुनी जखम होती, तिच्यात राख थापून बसली होती. फेलिंगनं ती बोटानं हळूहळू काढली. घोडीनं पहिल्यांदा एक डोळा उघडला.

मग फेलिंगनं पिशवीतून नोटिसांचं पुस्तक काढलं. प्राण्याचा प्रकार, घोडी. गुन्हा, डोळ्यांत व जखमेत राख असताना जाणूनबुजून उपचार रोखणे. पान मादामसमोर धरलं. मादाम फोनवर टीव्हीवाल्यांना रंगाबद्दल समजावत होत्या. कुणीतरी सही मागतंय असं वाटून त्यांनी हसत हसत झोकदार सही ठोकली, शेजारी छोटंसं हृदयही काढलं. कशावर सही केली ते त्यांना दहा मिनिटांनी कळलं.

तेवढ्यात गर्दीतून उर्बानो पुढे आला. घोडी बघून त्याचा चेहरा असा काही झाला की फेलिंगनं नजर दुसरीकडे वळवली. पण तो बोलला ते आपल्या नेहमीच्या आवाजातच.

"आलीस का, महाराणी? चल घरी. म्हणजे चल शाळेत. आपलं घर आता सहावी 'ब' चा वर्ग."

"तुम्ही मालक?" मादाम ओरडल्या. "लाज नाही वाटत? मुक्या जिवाला बांधून टाकून पळालात!"

"पळालो नाही, मादाम. मी आधीपासूनच गावात होतो. कामानिमित्त."

"कोंबड्यांच्या झुंजीला," फेलिंग म्हणाली. तिला गप्प बसायला जमलं नाही.

लोक फिस्सकन हसले. उर्बानोनं तिच्याकडे असं बघितलं की जणू पाचवी नोटीस त्यालाच मिळाली.

घोडी त्याला मिळाली नाहीच. मादामनी पोलिसांत तक्रार दिली, क्रूरतेची, आणि पुरावा म्हणून नगरपालिकेतून फेलिंगच्याच चार नोटिसांच्या नकला काढल्या. संध्याकाळी घोडी ट्रकात चढली आणि मनिलाच्या रस्त्याला लागली.

बुधवारी पहाटे मेयरांचा फेलिंगला फोन आला. उर्बानो आणि घोडेवाले होड्या काढतायत, तू जाऊन थांबव, तुझं ऐकतील. ती धावतच किनाऱ्यावर गेली. चांगलं फटफटलं होतं. अकरा होड्या रांगेत, प्रत्येकीत आडव्या फळ्या टाकलेल्या, अगदी तिच्या योजनेच्या चौदाव्या पानावर होतं तशा.

"आल्या," उर्बानो म्हणाला. "काढा पुस्तक दोक. आज धंदा जोरात आहे, अकरा गिऱ्हाइकं आहेत."

"फळ्या अशा टाकायला कुणी सांगितलं तुम्हाला?"

"आमच्या आज्यानं. तो तुमच्यासारखं पानांचे आकडे नव्हता घालत, एवढंच."

"मला थांबवायला पाठवलंय."

"मग थांबवा."

फेलिंगनं तळ्याकडे पाहिलं. लोलो शांतपणे धूर सोडत बसला होता. "तुमची घोडी तर मनिलाला गेली कुया," ती म्हणाली. "तुम्ही कशाला जाताय?"

"लोला सेपाचं घोडं आहे तिकडे. म्हाताऱ्या आजीला होडी वल्हवता येते होय? आणि हे बघा, बोलण्यात ऊन चढतंय. बसायचं तर बसा, नाहीतर होडीला धक्का मारा. सरकारचा कधी तरी हात लागू दे आमच्या कामाला."

ती बसली. होडी अर्ध्या तळ्यात आली. मग उर्बानो पुढे बघतच म्हणाला, "मी असतो ना बेटावर, तर दावं सोडलं असतं." फेलिंगनं होडीतलं पाणी उपसायला घेतलं.

दुपारपर्यंत त्यांनी दोन फेऱ्यांत बावीस घोडी आणली. दोन फेऱ्यांच्या मध्ये फेलिंग डोळे धुवत आणि दावी कापत फिरत होती. कितीतरी दाव्यांच्या टोकाला आता कापून उपयोग नव्हता. लोला सेपाचं घोडं, सार्हेंतो, आंब्याच्या झाडाखाली आडवं पडलेलं सापडलं. म्हातारं होतं, पोट हलत होतं, मान उचलवत नव्हती. होडीत आडवं घोडं घालता येत नाही. उर्बानोनं त्याचं दावं सोडलं, गुंडाळी करून खांद्यावर टाकली, टोपीतून त्याच्या तोंडात पाणी सोडलं. पाणी दुसऱ्या बाजूनं वाहून गेलं. तो तसाच उकिडवा बसून राहिला आणि माशा हाकत राहिला, माशा नव्हत्या तरी. पोट हलायचं थांबल्यावर दोघं उठले.

त्यानंतर उर्बानो आपल्या घराच्या मागे गेला आणि तीन झुंजीचे कोंबडे काखेत मारून आला.

"हे कशाला?" फेलिंग म्हणाली. "यांना वाचवायचं आणि पुढच्या रविवारी मारायला उभं करायचं?"

"मारायला नाही दोक, जिंकायला."

"तीन कोंबड्यांच्या जागेत दोन कुत्री बसली असती."

"मग तुम्ही उतरा," उर्बानो म्हणाला, "चार बसतील." शेवटी दोन कुत्री फेलिंगच्या मांडीवर बसली आणि कोंबडे त्याच्या मांडीवर, आणि सगळा परतीचा प्रवास कुत्री कोंबड्यांकडे बघत होती.

किनाऱ्यावर पोलीस उभे होते. अकराही घोडेवाल्यांवर मनाई मोडल्याचा गुन्हा लागला. तेवढ्यात संघाच्या उडत्या कॅमेऱ्यानं वरून होड्यांची रांग टिपली होती, आणि माणसं पोलीस ठाण्यातून बाहेर यायच्या आत चित्र सगळीकडे पोहोचलं होतं. खाली लिहिलं होतं, 'आमच्या प्रयत्नांना यश! बावीस पाग-आसा सुखरूप!' शुक्रवारी मेयरांनी मादामना पदक दिलं. फेलिंगला बदलीचा कागद दिला. पशुधन विभागातून जन्म-मृत्यू नोंदणीत. पाठीवरून हात फिरवून म्हणाले, "तिकडे ताण कमी आहे. दोन्ही प्रकारची गिऱ्हाइकं तक्रार करत नाहीत."

उर्बानोच्या खटल्याचं पुढे असं झालं, की मादामच्या वकिलानं पोलीस प्रमुखापुढे चार नोटिसा मांडल्या आणि त्या खऱ्या का, असं फेलिंगला विचारलं. ती म्हणाली, खऱ्या. पाठ सोललेली होती का? होती. माणूस निष्काळजी आहे का? आहे. उर्बानोनं वर आढ्याकडे बघितलं. मग तिनं पिशवीतून पाचवी काढून टेबलावर ठेवली, हृदयासकट. पोलीस प्रमुखानं सही पाहिली, हृदय पाहिलं आणि खोकल्याचं निमित्त करून तोंडावर रुमाल धरला. दोन्ही बाजूंनी समजुतीनं मिटवायचं ठरलं.

तशी मादामनाही घाईच होती. पाग-आसानं त्यांच्या वसाहतीतल्या प्रार्थनाघराची सगळी फुलझाडं खाल्ली होती आणि एका मोठ्या देणगीदाराच्या गाडीचं दार लाथेनं आत घातलं होतं. वसाहतीच्या समितीनं तीन पत्रं पाठवली होती. त्यामुळे मादामनी अत्यंत उदार मनानं तिला मूळ परिसरात परत सोडलं. ट्रकातून उतरली तेव्हा ती इतकी लठ्ठ झाली होती की उर्बानो चारी बाजूंनी फिरून आला.

"हिला आता डोंगर चढायला घोडं लागेल," तो म्हणाला. पाठ मात्र पूर्ण भरून आली होती, वर नवी लव फुटली होती. त्यानं तिच्यावरून तळहात फिरवला, मग फेलिंग बघतेय हे दिसल्यावर हात खिशात घातला.

नोंदणीच्या खिडकीमागे फेलिंग दिवसभर बसून राही. मेयरांचा आपत्ती अहवाल छापून आला, तो तिथेच तिनं वाचला. मनुष्यहानी, शून्य. पशुहानी, नगण्य. तिनं तो दोनदा वाचला आणि खणात ठेवला. काय करावं ते तिला सुचत नव्हतं. सुचलं ते लोला सेपाला. एका सकाळी म्हातारी खिडकीशी आली.

"इथे मेल्याची नोंद होते ना गं?"

"हो, लोला. कोण गेलं?"

"सार्हेंतो."

फेलिंगनं लेखणी उचलली ती तशीच धरून राहिली. म्हातारी वाट बघत होती. खिडकीबाहेर दुसरं कुणी नव्हतं. मग फेलिंगनं रजिस्टर पुढे ओढलं.

"वय?"

"एकोणीस."

"व्यवसाय?"

"माणसं वाहायचा."

"मृत्यूचं कारण? लोलो लिहू?"

"लोलोनं काय केलं त्याला?" म्हातारी म्हणाली. "तीन दिवस जिवंत होता की तो. बोट आली नाही, असं लिही."

फेलिंगनं लिहिलं, 'बोट न आल्यामुळे.'

दुसऱ्या दिवशी खिडकीपुढे सात माणसं होती, तिसऱ्या दिवशी रांग बाजारापर्यंत गेली. उर्बानो एका कुत्र्याची नोंद करायला आला आणि पत्ता विचारल्यावर 'मयताचा की माझा' म्हणून तिच्याशी हुज्जत घालून गेला. घोडी, म्हशी, डुकरं, कुणाची मांजर. कारणाच्या रकान्यात खालपासून वरपर्यंत एकच वाक्य. महिनाअखेरीस नियमाप्रमाणे आकडा प्रांताच्या कचेरीत गेला, की सान आन्सेल्मो गावात या महिन्यात दोनशे चौदा मृत्यू. प्रांतातून मेयरांना फोन आला, गावात साथ आहे का, आणि असेल तर तुमच्या अहवालात शून्य कसं.

मेयरांनी फोन ठेवला आणि पहिल्यांदाच जिना उतरून नोंदणीच्या खोलीत आले. त्यानंतर तीन दिवसांनी प्रांताचा अधिकारी आला. बारीक चष्म्याचा, अबोल माणूस. त्यानं रजिस्टर उघडलं. पहिल्या पानावर त्याच्या मिशीखाली हसू होतं. पाचव्या पानावर नव्हतं. नवव्या पानावर त्यानं मेयरांना विचारलं, "त्या दिवसांत तुमच्याकडे बोटी किती होत्या?" मेयर म्हणाले, बघून सांगतो. अधिकारी म्हणाला, बघा, मी बसतो. मेयर दुपारपर्यंत बघत होते.

जाताना अधिकाऱ्यानं फेलिंगला सांगितलं की माणसांच्या रजिस्टरात जनावरं ठेवता येणार नाहीत, नोंदी खोडाव्या लागतील. तिला एक ताकीदही मिळाली. पण सरकारी रजिस्टरात खोडायचं तर एकच तांबडी रेघ मारायची असते, खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे, कडेला तारीख आणि सही. असा कायदा होता आणि तो फेलिंगला अधिकाऱ्यापेक्षा चांगला पाठ होता. ती पट्टी घेऊन बसली. दोनशे चौदा रेघा, दोनशे चौदा सह्या.

साठाव्या रेघेवर असताना खिडकीवर टकटक झाली. पलीकडच्या काठावरच्या वाडीतली एक बाई होती, चालत आली होती, चपला राखेनं भरल्या होत्या.

"माझी दोन डुकरं होती," ती म्हणाली. "मला आजच कळलं इथे लिहितात म्हणून."

"उशीर झाला गं," फेलिंग म्हणाली. "आता सगळी खोडायला सांगितलीत. ही बघ, खोडतेच आहे."

बाईनं खिडकीतून आत वाकून पान पाहिलं. तांबड्या रेघेखालची नावं ती ओठ हलवत वाचू लागली, एक, दोन, तीन.

"पण खोडलेलं वाचता येतंय की," ती म्हणाली.

"येतं."

"मग माझी आधी लिहा," बाई म्हणाली, "आणि मग खोडा."